सोळा पाउंड

डार्बी ट्रक घेऊन आला तेव्हा
लुईसटाउनच्या रस्त्यावर खडी टाकणं चालू होतं
आणि माझ्या शेडच्या दाराला आतून बर्फ धरला होता.
चोवीस वर्षांचा ट्रक, बावीस वर्षांचा मालक.
इंजेक्टर नवे, टर्बो मोठा,
चिप कुणाकडून तरी उधारीवर.
म्हणाला, ओर्ला, डिझेलचा दाब वाढवून दे.
किती?
जाईल तितका.

हा आकडा माझ्या गेजवर नाही, मी म्हटलं.
तो हसला. त्याच्या आजोळची माणसं अशीच हसतात,
खालचा ओठ आत घेऊन.

रेग्युलेटरचा लॉकनट सैल केला.
स्क्रू आत गेला की स्प्रिंग दबते, दाब चढतो;
बाहेर आला की उतरतो.
एवढंच ते यंत्र. बाकीचं मनगटात,
अर्धा फेरा, पाव फेरा,
आणि मग हात काढून घेता आला पाहिजे.

काटा वीसच्या वर सरकला. पोराचे डोळे लकाकले.
इथे पंपाचं पुढचं सील रडायला लागतं, मी सांगितलं.
आधी नुसता वास.
मग डिझेल आतल्या आत इंजिनच्या तेलात उतरतं,
तेल ताकासारखं पातळ होतं,
आणि तुला कळायच्या आधी
बेअरिंगांना कळलेलं असतं.

मग कमी ठेव, तो म्हणाला, जरा घुश्शातच.

कमी म्हणजे काय ते फळीवर होतं.
मी उतरवून त्याच्या हातात दिलं.
हार्लनचा पंप.
डार्बीच्या आईचा थोरला भाऊ, हार्लन व्हिक.
हा पंप डिझेलवरच चालतो आणि डिझेलनेच थंड राहतो;
वाट्याला कमी आलं तर स्वतःलाच खातो.
जुडिथ गॅपच्या चढावर, मागे गवताचे गठ्ठे,
उणे एकतीस,
पवनचक्क्यांचे लाल दिवे सगळे एकदम उघडमीट करतायत,
आणि तो बंद पडला.
हार्लन सहा मैल चालला.
उजव्या पायाची दोन बोटं दवाखान्यात राहिली.

घरी म्हणतात, मामा प्यायला होता.

प्यायला नव्हता.

मी सोळावर आणून नट आवळला.
गेज काचेवर चिकटवलं, नळी दारातून आत घेतली.
मागे शेजारच्या स्टेनरुडचा ट्रेलर जोडला,
त्यात काँक्रीटचे ठोकळे, मोजून साडेतीन टन.
त्याला म्हटलं, तू चालव. मी रस्ता बघणार नाही.

सपाटीवर सोळा.
चढ लागला, पंधरा.
पुरा दाब पाय, मी म्हटलं. टर्बो किंचाळायला लागला,
ठोकळे मागे ओढू लागले,
चौदा, तेरा, काटा थरथरत बारावर टेकला.
दहाच्या खाली गेला तर परत फिरायचं होतं.

तेव्हाच बोलले, काट्यावरची नजर न काढता:
तुझ्या मामाच्या ट्रकला दाब मीच लावला होता.
चौदा. शेडमध्ये. स्टोव्ह पेटलेला, गाडी उभी,
दोघांच्या हातात कॉफी.
चौदा दिसले म्हणून नट आवळला.
चढावर किती उरतात, बघायला गेले नाही.
फिल्टर जुना होता, तोही पुढच्या खेपेवर टाकला.
नंतर मोजले. चार.

डार्बी काही बोलला नाही.
काटा मात्र तेरावर गेला, मग चौदा.
त्याचा पाय आपोआप सुटला होता.

पाय उचलू नकोस, मी म्हटलं.
अजून माथा यायचाय.

त्याने पुन्हा दाबला.
बारा.
बारा.
डावीकडे कुणाच्या तरी गाई वाऱ्याला पाठ करून उभ्या.
बारा.

परत आल्यावर दाराच्या आतल्या बाजूला
तारीख आणि दोन्ही आकडे खडूने लिहिले.
त्याने पैसे अर्धेच दिले, उरलेल्याचं
एल्कचं मांस देईन म्हणाला.
जाताना फळीवरचा पंप उचलला,
जरा वेळ तोलून पाहिला,
आणि विचारलं, हा नेऊ?

मी नाही म्हटलं.